गाउस, बेसेल, शूमाखर यांची पत्रं आणि पृथ्वीची मोजणी

कार्ल फ्रीडरिश गाउस म्हटलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, शाळेत 1 ते 100 ची बेरीज चुटकीसरशी करणारा मुलगा. पण हाच माणूस 1821 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सगळ्या युरोपात नाव झालेलं असताना, थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) घेऊन डोंगरावर आणि चर्चच्या टॉवरवर चढत होता, उन्हात तासन् तास उभा राहून कोन मोजत होता, आणि हे एकदोन महिने नाही तर 1825 पर्यंत सलग पाच उन्हाळे चाललं. रात्री मुक्कामावर आला की आकडेमोड, आणि आकडेमोड झाली की पत्रं. शूमाखरला, बेसेलला, ओल्बर्सना, गर्लिंगला, म्हणजे वेगवेगळ्या गावांतल्या आपल्या खगोलशास्त्रज्ञ मित्रांना. ही पत्रं पुढे छापली गेली, गाउस आणि शूमाखर यांचीच सहा खंड भरतात, आणि ती वाचताना कळतं की त्या काळचं खगोलशास्त्र जितकं दुर्बिणीवर चालायचं तितकंच टपालावर चालायचं.

असं का, हे आधी बघू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेधशाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक प्राध्यापक आणि फार तर एकदोन मदतनीस. तुम्ही रात्री एका ताऱ्याची जागा मोजली, आकडा आला, आता तो बरोबर आहे हे कशावरून? तुमचं यंत्र किंचित वाकडं असेल, घड्याळ पुढे गेलं असेल, तुमच्या डोळ्याची सवय वेगळी असेल. तुमच्याच यंत्रावर शंभर वेळा मोजलं तरी त्याच यंत्राची तीच चूक शंभर वेळा येणार. ती पकडायची तर दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या, दुसऱ्या माणसाचे आकडे हातात हवेत. म्हणून पत्र. गॉटिंगेनला गाउस, ब्रेमेनला ओल्बर्स (हे पेशाने डॉक्टर, दिवसा रुग्ण आणि रात्री धूमकेतू), हॅम्बर्गला लागून असलेल्या आल्टोनात शूमाखर, पार पूर्वेला कोनिग्सबर्गमध्ये म्हणजे आजच्या कॅलिनिनग्राडमध्ये बेसेल, आणि डोर्पाटला म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूला स्ट्रूव्ह. नकाशावर बघा, किती लांब लांब आहेत. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तराची कित्येक दिवस वाट बघायची, तोवर दुसरं पत्र लिहायला घ्यायचं.

टपालाला उशीर झाला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे सेरेस, मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सूर्याभोवती फिरणारा एक छोटा गोल. 1 जानेवारी 1801 ला सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझींना एक नवा ठिपका दिसला जो रोज थोडा सरकत होता. 24 जानेवारीला त्यांनी मिलानच्या ओरियानींना आणि बर्लिनच्या बोडेंना पत्रं लिहिली, बोडेंचं पत्र पोचलं 20 मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी. मधल्या काळात पियाझी आजारी पडले, 11 फेब्रुवारीनंतर त्यांची निरीक्षणं थांबली, आणि बर्लिनला बातमी कळेपर्यंत सेरेस सूर्याच्या उजेडात गेलेला, म्हणजे शोधायचा कुठे तेच कोणाला माहीत नाही. हातात होती फक्त 41 दिवसांची निरीक्षणं, आकाशाच्या अगदी छोट्या तुकड्यातली. चोवीस वर्षांच्या गाउसने त्यावरून कक्षा काढली, आणि वर्ष संपता संपता आधी फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञांना आणि लगेच ओल्बर्सना तो सांगितलेल्या जागेजवळ परत सापडला. गाउस आणि ओल्बर्स यांची मैत्री इथून सुरू झाली आणि ती ओल्बर्स 1840 साली जाईपर्यंत टिकली.

बेसेल कसा सापडला तेही सांगण्यासारखं आहे. तो ब्रेमेनच्या एका व्यापारी कंपनीत शिकाऊ कारकून होता, विद्यापीठाचं तोंड न बघितलेला, रात्री स्वतःच्या हौसेने गणित करायचा. 1804 साली त्याने हॅलेच्या धूमकेतूची 1607 सालची जुनी निरीक्षणं घेऊन कक्षा काढली आणि ओल्बर्सना दाखवली. ओल्बर्स थक्क झाले, त्यांनी ती छापायची व्यवस्था केली आणि मुलाला खगोलशास्त्राच्या वाटेवर आणून सोडलं. स्वतःच्या नावावर पॅलस आणि व्हेस्टा हे दोन लघुग्रह असलेला हा माणूस नंतर म्हणायचा की खगोलशास्त्राची मी केलेली सगळ्यात मोठी सेवा म्हणजे बेसेल.

या सगळ्यांना बांधून ठेवणारा माणूस शूमाखर. स्वतः फार मोठा शोध लावणाऱ्यांपैकी नव्हे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं, पण माझ्या मते त्याच्याशिवाय हे जाळं उभंच राहिलं नसतं. तो गाउसकडे शिकलेला, डेन्मार्कच्या राजाच्या नोकरीत (आल्टोना तेव्हा डॅनिश राजाकडे होतं), आणि 1821 मध्ये त्याने एक पत्रिका सुरू केली, आस्ट्रोनोमिशे नाखरिख्टेन, जी आजही निघते. तिच्यातला बराच मजकूर म्हणजे चक्क पत्रांतले उतारे, अमुक प्राध्यापकांनी संपादकांना लिहिलेल्या पत्रातून, खाली तारीख. म्हणजे कोणी शूमाखरला खासगीत कळवायचं, त्यातला कामाचा भाग तो छापायचा आणि अंक सगळीकडे जायचा. शिवाय कोणाला यंत्र हवंय, कोणाचं घड्याळ दुरुस्तीला आलंय, कोण कोणावर रागावलंय, सगळं त्याच्याकडे यायचं.

आता मोजणीकडे येऊ, कारण गाउस डोंगरावर का गेला त्याचं मूळ एका विनंतीत आहे. 1816 मध्ये शूमाखरला डेन्मार्कची मोजणी मिळाली, अगदी उत्तरेच्या स्कागेन टोकापासून दक्षिणेला लाउएनबुर्गपर्यंत. त्याने गाउसला लिहिलं, हीच रेघ तुम्ही पुढे दक्षिणेला हॅनोव्हरमधून न्याल का? रेघ जितकी लांब तितकी पृथ्वीचा आकार कळायला उपयोगी. आकार कळतो तो असा: एकाच रेखांशावर उत्तर-दक्षिण दोन गावं घ्या. ताऱ्यांवरून दोघांचे अक्षांश काढा, म्हणजे दोन गावांमध्ये किती अंशांचा फरक आहे ते कळलं. मग जमिनीवरचं प्रत्यक्ष अंतर मोजा. अंतर भागिले अंश केलं की एका अंशाला किती किलोमीटर ते मिळतं. पृथ्वी अचूक गोल असती तर हा आकडा सगळीकडे सारखा आला असता, पण ती ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे उत्तरेकडे जाल तसा एक अंश थोडा लांब होत जातो. तो फरक नीट मोजला की चपटेपणा किती ते कळतं. यात अर्धं काम आकाशाचं आहे आणि अर्धं जमिनीचं, म्हणून मोजणी खगोलशास्त्रज्ञांच्या गळ्यात.

जमिनीवरचं दोनशे-तीनशे किलोमीटरचं अंतर साखळीने मोजता येत नाही, मध्ये नद्या, जंगलं, डोंगर. म्हणून त्रिकोण. एकच बाजू अतिशय काळजीने प्रत्यक्ष मोजायची, तिला पायारेषा म्हणू, आणि मग तिच्या दोन टोकांवरून तिसरा लांबचा टॉवर बघून कोन मोजायचे. एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या दोन बाजू शाळेतल्या साइनच्या नियमाने निघतात. त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा, असं करत सगळा देश त्रिकोणांनी झाकायचा, आणि पूर्ण कामात लांबी मोजायची एकदाच.

पण ती एकदाच मोजलेली लांबी चुकली तर पुढचं सगळंच त्या प्रमाणात चुकणार, म्हणून पायारेषेवर पत्रांचा पाऊस पडायचा. शूमाखरने हॅम्बर्गच्या जवळ ब्राकला जवळपास 6 किलोमीटरची पायारेषा मोजली, हॅम्बर्गच्या रेप्सोल्ड या यंत्र बनवणाऱ्याने त्यासाठी उपकरण तयार केलं, आणि गाउस स्वतः तिथे जाऊन आला, पुढे हॅनोव्हरच्या कामालाही तीच पायारेषा वापरली. लोखंडी पट्टी उन्हाने लांब होते हे आपल्याला माहीत आहे, पण किती ते बघा: लोखंड एका अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखात एकाहून थोडं जास्त वाढतं, म्हणजे 6 किलोमीटरच्या रेषेत तापमान एका अंशाने चुकीचं धरलं तर सुमारे 7 सेंटिमीटर इकडचे तिकडे. त्यात मुळात माप कुठलं? आपल्याकडे जसा गावागावाचा शेर-पायली वेगळा असायचा तसंच युरोपात राज्याराज्याचा फूट वेगळा. मोजणीवाल्यांनी त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणून फ्रान्सचं ट्वाझ धरलं, सुमारे 1.949 मीटरचं, आणि बेसेलने 1823 मध्ये पॅरिसच्या फोर्टँकडून त्याची एक प्रत बनवून घेतली. ती प्रत मूळ पट्टीपेक्षा केसाने लांब की केसाने आखूड, कुठल्या तापमानाला, कोणी ताडून पाहिलं, यावर हे लोक पानंच्या पानं लिहितात. वरवर रुक्ष वाटेल, पण देशाच्या नकाशाचा प्रत्येक आकडा त्या एका पट्टीला टांगलेला होता.

दुसरी अडचण दिसण्याची. पन्नास-साठ किलोमीटरवरचा चर्चचा टॉवर दुर्बिणीतून धुरकट दिसतो, डोंगरमाथ्यावर तर टॉवरही नसतो, मग नेम धरायचा कशावर? रात्री दिवे लावायचे हा जुना उपाय, पण तो खर्चिक आणि कटकटीचा. 1818 मध्ये गाउस लुनेबुर्ग गावात मोजत होता, दुर्बिणीतून हॅम्बर्गच्या मिखाएलिस चर्चकडे बघत असताना तिथल्या खिडकीच्या काचेवरून सूर्याचा उजेड परावर्तित होऊन त्याच्या डोळ्यात आला. त्रास झाला, पण विचारही सुरू झाला, की हा उजेड मुद्दाम पाठवता आला तर? 1821 मध्ये त्याने हेलिओट्रोप बनवला. एक छोटा आरसा, आणि तो बरोबर लांबच्या दुर्बिणीकडेच उजेड फेकेल अशी दिशा धरायची सोय. आता हे चालतं का, ते समजून घ्यायला सोपं आहे. सूर्य आपल्याला आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सपाट आरशावरून परतलेला उजेडही अर्धा अंश पसरत जातो. 100 किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे जवळजवळ 900 मीटर. म्हणजे आरसा अगदी तंतोतंत रोखायला नको, पण डोळ्याच्या अंदाजानेही जमणार नाही, पाव अंशाच्या आत नेम हवाच, आणि तेवढंच काम हे यंत्र करायचं. पलीकडच्या माणसाला डोंगरावर एक झगझगीत तारा दिसायचा, भर दिवसा.

गाउसला याचा इतका आनंद झाला की 1822 मध्ये ओल्बर्सना लिहिताना तो थेट चंद्रापर्यंत गेला. मोठमोठे शंभर आरसे एकत्र वापरले तर चंद्रावर चांगला उजेड पाठवता येईल, आणि तिथे कोणी शेजारी असतील तर त्यांच्याशी बोलणं सुरू होईल, आणि तो अमेरिकेच्या शोधापेक्षाही मोठा शोध ठरेल, अशा अर्थाचं. मला हे पत्र फार आवडतं, कारण छापलेल्या ग्रंथांतला गाउस इतका घट्ट आणि मोजकं बोलणारा आहे की हा मोकळा, स्वप्न बघणारा गाउस फक्त पत्रांतच भेटतो.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचं. लुनेबुर्गच्या दक्षिणेकडचा हीदचा, म्हणजे माळरानाचा, भाग सपाट, झाडीचा, उंच जागा नाहीत, त्यामुळे एका ठिकाणाहून दुसरं दिसावं म्हणून जंगलातून सरळ पट्टा तोडावा लागायचा, आणि तोडायच्या आधी कुठल्या दिशेने तोडायचं ते गणिताने काढावं लागायचं, कारण दिशा चुकली तर झाडं फुकट गेली. उन्हाळ्याचा ताप, खेड्यातली राहायची गैरसोय, तब्येतीच्या तक्रारी, सगळं पत्रांत येतं. 1825 नंतर प्रत्यक्ष मोजणी त्याचा मुलगा योसेफ आणि लष्करी अधिकाऱ्यांनी 1844 पर्यंत चालवली आणि गणित गाउस करत राहिला, अडीच हजारांहून जास्त बिंदूंचं. जर्मनीच्या जुन्या 10 मार्कांच्या नोटेवर एका बाजूला गाउसचा चेहरा होता आणि मागच्या बाजूला याच मोजणीच्या त्रिकोणांचा तुकडा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे चुकांचं काय करायचं. समजा एका जागेवरून तुम्ही चार ठिकाणं बघितली आणि त्यांच्यामधले सगळे कोन मोजले. अ ते ब अधिक ब ते क हा कोन अ ते क एवढा यायला हवा, पण येत नाही, एखाददोन सेकंदाचा फरक राहतोच (इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). कुठला कोन चुकला? उत्तर असं की थोडे थोडे सगळेच. मग प्रत्येकाला किती दुरुस्त करायचं? गाउसचा नियम असा, की दुरुस्त्या अशा वाटा की त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल. मोठी दुरुस्ती वर्गामुळे फार महाग पडते म्हणून कुठल्याही एका कोनावर सगळा बोजा पडत नाही. याला न्यूनतम वर्ग पद्धत म्हणतात. ती आधी छापली फ्रान्सच्या लजाँद्रने, 1805 मध्ये, गाउसने 1809 मध्ये, पण गाउसचं म्हणणं की मी 1795 पासूनच वापरतोय, आणि या वादात त्याला साक्षीदार मिळाला तोही ओल्बर्स, ज्यांनी 1816 मध्ये छापून सांगितलं की गाउसने मला हे आधीच सांगितलं होतं.

पण नियम सांगणं सोपं, करणं अवघड. चार दिशा म्हणजे चार समीकरणं, मोठ्या जाळ्यात ती डझनावारी होतात, आणि हाताने एकेक अज्ञात काढून टाकत सोडवायचं म्हणजे दिवसच्या दिवस. मारबुर्गच्या गर्लिंगकडे शेजारच्या हेसेनची मोजणी होती आणि तो याच ठिकाणी अडला होता. 26 डिसेंबर 1823 ला गाउसने त्याला एक पत्र लिहिलं आणि खऱ्या मोजणीतलं एक उदाहरण घेऊन सगळं करून दाखवलं. युक्ती अशी: आधी काहीतरी अंदाजे उत्तरं धरा. मग बघा की कुठलं समीकरण सगळ्यात जास्त चुकतंय. फक्त त्याच्याशी जोडलेली दिशा एवढी बदला की ती चूक मिटेल. त्याने बाकीची समीकरणं थोडी हलतात, हरकत नाही, परत बघा, आता सगळ्यात जास्त कुठे चुकतंय, ते दुरुस्त करा. असं करत गेलं की चुका लहान लहान होत संपतात. आणि मध्येच एखादी बेरीज चुकली तरी बिघडत नाही, पुढच्या फेरीत ती आपोआप धुऊन निघते. गाउस त्याला सांगतो की एकदा हे शिकलात की दोनपेक्षा जास्त अज्ञातं असताना परत जुन्या पद्धतीकडे वळणार नाही, आणि हे काम अर्धवट झोपेतही होतं, किंवा करता करता दुसऱ्याच गोष्टींचा विचारही करता येतो. कल्पना करा, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मित्राची अडचण सोडवायला लिहिलेलं पत्र. त्याच घराण्यातली पद्धत आज गाउस-सायडल म्हणून शिकवतात, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलेल्यांनी लोड फ्लोच्या (विजेच्या जाळ्यात कुठे किती वीज वाहते ते काढायच्या) गणितात ती हाताने केलेली असेल आणि कंटाळलेही असतील. सायडलचा लेख 1874 चा, म्हणजे या पत्रानंतर पन्नास वर्षांनी.

बेसेलला मात्र या सगळ्याचं वाईट वाटत होतं. त्याने गाउसला लिहिलं की तुमच्यासारख्या माणसाने कोन मोजण्यात वर्षं घालवावीत हे बरोबर नाही, हे काम दुसरेही करू शकतात. गाउसचं 14 मार्च 1824 चं उत्तर प्रसिद्ध आहे. तो मान्य करतो की जगातली सगळी मोजमापं एकत्र केली तरी विज्ञानाला खरोखर पुढे नेणाऱ्या एका प्रमेयाच्या तोडीची नाहीत. पण पुढे म्हणतो की कामाची किंमत अशी एकट्याने काढायची नसते, तुलनेने काढायची असते, आणि स्वतःची परिस्थिती, शिकवण्यात जाणारा वेळ, पैशाचा प्रश्न हे सगळं तो मांडतो. आणि बेसेलची काळजी खरी असली तरी घडलं उलटंच, ही मोजणीच गाउसला प्रमेयाकडे घेऊन गेली. वक्र पृष्ठभागावर राहणाऱ्याने बाहेरून न बघता, फक्त पृष्ठभागावरची अंतरं मोजून तो किती वक्र आहे हे कसं ओळखायचं, हा 1827 च्या त्याच्या ग्रंथाचा गाभा, आणि त्यात उदाहरण म्हणून त्याने स्वतः मोजलेला त्रिकोण दिलाय: होहेनहागेन, ब्रोकेन आणि इन्सेल्सबर्ग हे तीन डोंगर, सगळ्यात लांब बाजू 100 किलोमीटरपेक्षा जास्त. सपाट कागदावर तीन कोनांची बेरीज 180 अंश येते, पृथ्वीच्या गोलाईवर ती जास्त येते, आणि या त्रिकोणासाठी ती 14.85 सेकंद जास्त निघते. तो दाखवतो की हा जादाचा भाग तिन्ही कोनांना अगदी समान वाटला जात नाही, 4.95104, 4.95113 आणि 4.95131 असा वाटला जातो, फरक सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागात. मोजणीला याचा काडीचा फरक पडत नाही हे त्यालाही माहीत होतं, पण तत्त्व म्हणून सांगायचं होतं. अवकाशाची भूमिती युक्लिडपेक्षा वेगळी असू शकते का, हा त्याहून धाडसी प्रश्न मात्र त्याने छापलाच नाही, 27 जानेवारी 1829 ला बेसेलला फक्त खासगीत लिहिलं की यावरचं काम माझ्या हयातीत बाहेर येईलसं वाटत नाही, लोक आरडाओरडा करतील.

आणि बेसेलने एक अशी चूक शोधली जी यंत्रात नव्हतीच. तेव्हा आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून जाताना वेळ टिपायची पद्धत अशी होती, की घड्याळाचे टोले कानाने मोजायचे, ताऱ्याचं सरकणं डोळ्याने बघायचं, आणि दोन टोल्यांच्या मध्ये तारा कधी तारेवर आला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचं. 1796 मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख मास्केलाइन यांनी आपल्या किन्नेब्रुक नावाच्या मदतनिसाला काढून टाकलं, कारण त्याच्या नोंदी साहेबांपेक्षा 0.8 सेकंद उशिराच्या येत होत्या. वीस-पंचवीस वर्षांनी बेसेलला हे खटकलं. इतका मोठा फरक निष्काळजीपणाने रोज सारखाच कसा येईल? म्हणून 1820-21 च्या हिवाळ्यात वालबेक हा दुसरा खगोलशास्त्रज्ञ त्याच्याकडे आलेला असताना दोघांनी आळीपाळीने तेच तारे बघितले, आणि दोघांत 1.04 सेकंदाचा फरक, कायम त्याच दिशेने. दोघंही निष्णात. पुढे आर्गेलांडर या आणखी एका खगोलशास्त्रज्ञाबरोबर 1.2 सेकंद. स्ट्रूव्हबरोबरचा फरक तर वर्षागणिक बदलत गेलेला निघाला. म्हणजे प्रत्येक माणसाचं डोळ्या-कानाचं गणित वेगळं, आणि त्यात कोणाचा दोष नाही. किन्नेब्रुकची नोकरी गेली ती या न कळलेल्या गोष्टीपायी, आणि हे वाचताना त्याच्याबद्दल वाईट वाटतंच. जमिनीच्या मोजणीत याचा परिणाम किती ते काढून बघा: पृथ्वी एका सेकंदात विषुववृत्तावर सुमारे 464 मीटर फिरते, कोनिग्सबर्गच्या अक्षांशावर साधारण 268 मीटर. दोन गावांच्या स्थानिक वेळांच्या फरकावरून रेखांश काढायचा, इकडे बेसेल आणि तिकडे आर्गेलांडर वेळ टिपणार, तर फक्त दोघांच्या सवयीपायी गाव नकाशावर सव्वातीनशे मीटर सरकणार. म्हणून पुढे मोजणीत निरीक्षकांची अदलाबदल करायची रीत पडली, अर्ध्या काळात तू इकडे मी तिकडे, मग उलट.

ओळंब्याचंही तसंच. अक्षांश काढताना आपण ओळंबा बरोबर खाली जातो असं धरतो, पण जवळ डोंगर असेल किंवा जमिनीखाली जड खडक असेल तर तो काही सेकंद तिरका होतो, आणि अक्षांशातला 1 सेकंद म्हणजे जमिनीवर 31 मीटर. गाउसने गॉटिंगेन आणि आल्टोना यांच्या अक्षांशांतला फरक इंग्लंडहून आणलेल्या रॅम्सडेनच्या झेनिथ सेक्टरने (डोक्यावरच्या ताऱ्यांचे कोन मोजायच्या यंत्राने) मोजला आणि 1828 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्रिकोणांनी सांगितलेला फरक आणि ताऱ्यांनी सांगितलेला फरक जुळला नाही, आणि त्याने स्पष्ट म्हटलं की पृथ्वीचा खरा आकार म्हणजे गुरुत्वाला सगळीकडे काटकोनात असणारा पृष्ठभाग, समुद्राची पातळी हा त्याचाच भाग, आणि तो कुठल्याही साध्या सूत्रात तंतोतंत बसत नाही.

बेसेलचं सगळ्यात गाजलेलं काम जगाला कळलं तेही पत्रातून, 23 ऑक्टोबर 1838 ला इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या. हंस तारकासमूहातला 61 क्रमांकाचा तारा वर्षभरात 0.3136 सेकंदाने इकडेतिकडे सरकलेला दिसतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून, आणि त्यावरून त्याचं अंतर इतकं की उजेडाला यायला 10.3 वर्षं लागतील. आजचा आकडा 11.4. जरा थांबून बघितलं तर ही तीच त्रिकोणांची पद्धत आहे, पायारेषा म्हणजे फक्त ब्राकच्या 6 किलोमीटरऐवजी पृथ्वीच्या कक्षेची रुंदी. आणि हे काम करत असतानाच बेसेल बायर या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पूर्व प्रशियाची मोजणीही करत होता, तिचा अहवालही 1838 चाच.

शेवटी हे सगळे त्रिकोण एकत्र आले. बेसेलने दहा ठिकाणच्या मोजण्या घेतल्या, शूमाखरची डेन्मार्कची, गाउसची हॅनोव्हरची, स्वतःची प्रशियाची, स्ट्रूव्हची रशियाची, शिवाय फ्रान्स, इंग्लंड, स्वीडन, पेरू, आणि त्यात दोन आपल्याकडच्या. हो, भारतातल्या. विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासला पायारेषा मोजून सुरू केलेलं आणि त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलेलं काम, दक्षिण टोकाकडून वऱ्हाडातून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंत गेलेलं. लॅम्टन वीस वर्षं हेच करत राहिला आणि 20 जानेवारी 1823 ला मोजणीच्या प्रवासातच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच वर्षी गाउस हॅनोव्हरमध्ये कोन मोजत होता. दोघांची भेट कधी झाली नाही, पण दोघांचे आकडे बेसेलच्या एकाच गणितात शेजारी शेजारी बसले.

1837 मध्ये बेसेलने उत्तर छापलं. आणि मग फ्रान्सचे गणितज्ञ प्युइसाँ यांनी दाखवलं की फ्रेंच मोजणीच्या जुन्या हिशोबातच चूक आहे. बेसेलने सरळ सगळं गणित नव्याने केलं आणि 1841 मध्ये शूमाखरच्या पत्रिकेत दुसरा लेख दिला, ज्याच्या शीर्षकातच फ्रेंच मोजणीतल्या हिशोबाच्या चुकीचा उल्लेख आहे. नवं उत्तर: विषुववृत्तावरची त्रिज्या 6377397 मीटर, चपटेपणा 299.15 त एक, म्हणजे ध्रुवाकडची त्रिज्या तिच्या 299.15 व्या भागाने कमी. आज उपग्रहांवरून धरलेला आकडा 6378137 मीटर आणि 298.26 त एक, म्हणजे त्रिज्येत पाऊण किलोमीटरपेक्षाही कमी फरक, तोही घोडागाडीच्या टपालाच्या काळात. जर्मनीने आपले नकाशे दीर्घकाळ बेसेलच्या याच आकृतीवर काढले आणि जपानने ती 2002 पर्यंत वापरली.